जादा युनिटांची आंघोळ

ज्याच्या छतावर सोलर बसलंय, त्याला ‘बिल किती येतं हो?’ असं चुकूनही विचारू नये. तो सांगतो. नुसतं सांगून थांबला असता तर प्रश्न नव्हता. तो खिशातून मोबाइल काढतो, इन्व्हर्टरचं अ‍ॅप उघडतो आणि सकाळी सहाला जमिनीवरून निघून दुपारी साडेबाराला शिखर गाठणारी ती टेकडी तुम्हाला दाखवतो. टेकडीला मध्येच खड्डा दिसला, तर तो कोणत्या ढगाचा, तो ढग कुठून आला आणि किती वेळ रेंगाळला हेही ऐकून घ्यावं लागतं. आमच्याकडच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मागच्या रांगेतून ‘गेलं बरं का दोन हजारांच्या वर!’ असा आनंदी आवाज आला. आहेराचा आकडा असेल म्हणून बायकांनी माना वळवल्या. वॉट होते ते.

सांगलीतल्या आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना पूर्वी तीनच विषय असत: शुगर, गुडघे आणि पुण्याला किंवा परदेशी गेलेली मुलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली आणि चौथा विषय आला. आता ‘काल किती?’ ‘चौदा पॉइंट दोन’ असे संवाद ऐकू येतात. नवख्या माणसाला हिमोग्लोबिन वाटतं.

या मंडळींचे मुकुटमणी म्हणजे आमचे शेजारचे काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. घरात ते आणि काकू, दोघंच. पंखे, फ्रीज, टीव्ही, पाण्याची मोटर, मिक्सर आणि सकाळचा गिझर असं सगळं धरून दिवसाला सहा युनिटं पुष्कळ झाली. म्हणजे दीड किलोवॉटचे पॅनेल पुरले असते. पण या योजनेतला अनुदानाचा तक्ता असा आहे: एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तला ७८ हजार. जिथपर्यंत सरकार पैसे देतंय तिथपर्यंत न थांबता जायचं, हा मध्यमवर्गाचा बाणा. काकांनी तीन किलोवॉट बसवले. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॉटला सरासरी रोजची चार युनिटं धरतात. तिनांची झाली बारा. घराला लागतात सहा. राहिलेल्या सहांनी काकांची झोप उडवली.

आता ही जादा वीज जाते कुठे? कागदावर ती ग्रिडमध्ये जाते. प्रत्यक्षात वीज फार लांबच्या प्रवासाला निघत नाही. जवळात जवळ जिथे मागणी असेल तिकडे वळते. काकांच्या घराजवळ जवळात जवळची मागणी म्हणजे पलीकडच्या बंगल्यातला दीड टनाचा एसी. आणि त्या बंगल्याशी काकांचं कंपाउंडच्या भिंतीवरून, नऊ इंचांसाठी, बरंच जुनं वाकडं आहे. बोलणं बंद आहे, जाणं-येणं बंद आहे, हळदीकुंकूसुद्धा बंद आहे. फक्त वीज चालू आहे. दुपारी एक वाजता त्या एसीचा कॉम्प्रेसर घुर्रर्र करून सुरू झाला की काका गच्चीवरच्या पॅनेलांकडे बघतात आणि म्हणतात, “चालला माझा सूर्य त्याच्या घरात.” शेजाऱ्याला त्या विजेचं पूर्ण बिल भरावं लागतं, ती त्याला फुकट मिळत नाही, हे मी समजावून पाहिलं. “पैसे तो भरेल हो,” काका म्हणाले, “पण गार तर माझ्या जिवावर होतोय ना!”

यावर काकांनी उपाय शोधला, तो पाणी तापवण्याचा. वीज आपल्या घरात मुरवायची तर पाण्याइतकी सोशिक वस्तू दुसरी नाही. तांदूळ किती शिजवणार, कपड्यांना इस्त्री किती करणार? पाणी मात्र वाटेल तेवढी वीज पितं आणि वर दिसत काहीच नाही. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण चार युनिटं लागतात. हा हिशेब मी नव्हे, निसर्गाने ठरवलेला आहे. त्यात गिझरच्या जाहिरातीने काही फरक पडत नाही. चार युनिटं साठवणारी बॅटरी घ्यायची तर खिसा चांगलाच हलका होतो, आणि शंभर लिटरची टाकी त्यामानाने स्वस्त. म्हणजे कल्पना मुळात वेडगळ नव्हती. अडचण आली ती वेळापत्रकाची.

सूर्याची नोकरी खरी दहा ते चार. त्यातही भरात येतो तो बारा ते दोन. आणि मराठी माणसाची आंघोळ सकाळी आठच्या आत. काकूंच्या घरात पारोशाने देवघराकडे बघायचं नाही, स्वयंपाकघरात जायचं नाही आणि शक्यतो बोलायचंही नाही. अशा घरात काकांनी एका सकाळी जाहीर केलं की यापुढे आंघोळी दुपारी साडेबाराला. आयुष्यभर कालव्याच्या पाणीपाळ्या ठरवल्यामुळे त्यांना तक्ता करायची हौस भारी. वरच्या शेताला आधी की खालच्या, या चालीवर त्यांनी ‘बाथरूम क्र. १’ आणि ‘बाथरूम क्र. २’ असा तक्ता फ्रीजवर चिकटवला. काकूंनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, “अहो, मग नैवेद्य पाच वाजता दाखवू का? तुमचा सूर्यही तोवर घरी जायला निघालेला असेल.” तक्ता त्याच दिवशी उतरला. पाटबंधारे खात्यातला अनुभव टोकाच्या शेतकऱ्यापुढे चालत नाही तो नाहीच.

मग तडजोड निघाली: पाणी दुपारी तापवायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वापरायचं. यात मधले सोळा-सतरा तास पाण्याने गरम राहणं अपेक्षित होतं. गिझरवर जे तारे छापलेले असतात, ते हॉटेलसारखे सेवेचे नसून चोवीस तास नुसतं उभं राहून गिझर किती उष्णता गमावतो यावर दिलेले असतात, हे काकांना तेव्हा कळलं. त्यांचा गिझर जुना, ताऱ्यांच्या आधीच्या काळातला. दुपारी ६० अंशांना निघालेलं पाणी पहाटे काकूंच्या बादलीत येईपर्यंत कोमट होऊन येई. काकू विसण न घालता आंघोळ करू लागल्या. हे काकांच्या मते बचतीचं लक्षण होतं; काकूंच्या मते सर्दीचं.

काकांना दुसरी काळजी होती ढगांची. गिझर २००० वॉटचा. तो एकतर सगळे दोन हजार घेतो, नाहीतर काहीच घेत नाही. ‘सध्या बाराशेच आहेत, तेवढ्यात भागव’ हे त्याला सांगता येत नाही. ढग आला, पॅनेलची वीज बाराशेवर उतरली की उरलेले आठशे वॉट तो वीज कंपनीकडून घेणार. म्हणून काका दुपारी जेवून झाल्यावर एका हातात मोबाइल आणि दुसरा हात गिझरच्या बटणावर अशा अवस्थेत पॅसेजमध्ये उभे राहू लागले. ढग आला, बटण बंद. ऊन आलं, चालू. श्रावणातल्या ऊन-पावसाचं वर्णन पुष्कळांनी केलंय, पण त्याच्या तालावर दुपारभर खटक-खटक वाजणारं घर कुणी बघितलं असेल तर आम्हीच.

याच कामासाठी ब्रिटनमध्ये यंत्र मिळतं, ही बातमी काकांच्या रेडिंगला असलेल्या भाच्याने दिली. तिकडच्या पुष्कळ जुन्या घरांत एका कपाटात गरम पाण्याचं उंच तांब्याचं पिंप असतं आणि त्यात विजेचा रॉड कायमचा बुडवलेला असतो. हे यंत्र मीटरजवळ लक्ष ठेवून बसतं. घरातून चारशे वॉट बाहेर निघाले की बरोबर चारशेच रॉडकडे वळवतं, हजार निघाले की हजार. आपल्या घरातला कण बाहेर जाऊ नये अशी तजवीज. हे यंत्र तिकडे एवढं खपलं त्यालाही एक गमतीदार कारण आहे. एप्रिल २०१० मध्ये ब्रिटनने छतावरच्या विजेला पैसे द्यायची योजना काढली. छोट्या घरांची बाहेर गेलेली वीज मोजायला स्वतंत्र मीटर लावत बसण्यापेक्षा त्यांनी ठरवलं की निम्मी वीज बाहेर गेली असं समजायचं आणि तेवढ्याचे पैसे द्यायचे. मग कोणता शहाणा माणूस ती खरोखर बाहेर जाऊ देईल? पैसे निम्म्या विजेचे घ्यायचे आणि तीच वीज पिंपात घालून आंघोळही करायची. मार्च २०१९ अखेर ती योजना नव्या लोकांसाठी बंद झाली. ब्रिटिशांनी आपल्याला शिकवलेला हिशेब आपण अजून प्रामाणिकपणे करतो, हे ऐकून काका जरा गंभीर झाले.

यंत्र मात्र त्यांनी मागवलं नाही. किंमत ऐकली आणि बटणाशी परत येऊन उभे राहिले. ब्रिटनमध्ये ज्या कामाला यंत्र लागतं, ते आपल्याकडे निवृत्त माणूस करतो. त्याला हप्ते नाहीत, वॉरंटी नाही आणि मध्ये मध्ये चहा दिला की झालं.

आता या कथेतलं एक पान मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. काकांच्या गच्चीवर आधी चांगला सोलर हीटर होता. काचेच्या नळ्यांचा, वर गोल टाकीचा, शंभर लिटरचा. वर्षानुवर्षं मुकाट्याने पाणी तापवत होता. पॅनेल बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं, “काका, या टाकीची सावली तीन वाजल्यानंतर पॅनेलवर पडेल. उत्पादन घटेल.” काकांनी हीटर काढला आणि भंगारवाल्याला दिला. मग त्याच जागी आलेल्या पॅनेलांनी वीज करायची, ती इन्व्हर्टरमधून खाली न्यायची आणि तिने गिझरमध्ये पाणी तापवायचं, असा द्राविडी प्राणायाम सुरू झाला. पॅनेल आपल्यावर पडलेल्या उन्हातला जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतो. साधा सोलर हीटर त्याच उन्हातला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग थेट पाण्यात उतरवतो. हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. “हीटरला अ‍ॅप नव्हतं हो,” ते म्हणाले.

तसं बघितलं तर उन्हावर पाणी तापवण्याचा धंदा विजेच्या पॅनेलांपेक्षा पुष्कळ जुना. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंप या गृहस्थांनी १८९१ मध्ये काळे रंगवलेले पाण्याचे डबे काच लावलेल्या लाकडी पेटीत घालून छतावर ठेवण्याचं पेटंट घेतलं. ही बातमी काकूंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या की मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं, त्याचं पेटंट घ्यायला कुणी आलं नाही. केंपच्या डब्यांचा दोष तोच, जो काकांच्या गिझरचा: रात्री पाणी गार. कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी १९०९ मध्ये तो सोडवला. तापवायचं वर, पण टाकी घरात, चांगली जाड गुंडाळून. आणि यंत्राचं नावच ठेवलं ‘डे अँड नाइट’. म्हणजे दुपारचं पाणी पहाटेपर्यंत गरम ठेवण्याचं कोडं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुटलेलं आहे. उत्तरही सोपं आहे, टाकीला जाड कोट. आमच्याकडे अजून प्रश्नच बटणाशी उभा होता.

पुढे दिवाळीत भाचा सुट्टीवर आला. त्याने काकांचं बिल हातात घेतलं, आयात-निर्यातीचे रकाने बघितले आणि म्हणाला, “मामा, तुमचं नेट मीटर आहे. दुपारी तुमचं एक युनिट बाहेर गेलं आणि पहाटे गिझरसाठी एक आत आलं, की वजाबाकी होऊन शून्य. मग दुपारी कशाला तापवता? उलट रात्रभर गिझर गार होतो, तेवढं नुकसानच.” घरात शांतता पसरली. काकूंनी फराळाचं ताट पुढे केलं. एवढे दिवस काका ज्या विजेला घराबाहेर पाऊल टाकू देत नव्हते, ती बाहेर गेली असती तरी संध्याकाळी हजेरी लावायला परत येणारच होती.

पण काका पाटबंधारे खात्यातले. बंधाऱ्यात साठलेलं पाणी मार्चनंतर कुणाच्या नावावर जातं हे त्यांना बरोबर ठाऊक. त्यांनी नियम वाचून काढले. महिन्याची शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात जातात खरी, पण फक्त आर्थिक वर्ष संपेपर्यंत. ३१ मार्चला उरलं त्याचे कंपनी पैसे देते, आणि तो भाव आपण वीज विकत घेतो त्या भावापेक्षा पुष्कळ कमी. म्हणजे ही शिल्लक दिवाळीच्या उरलेल्या फराळासारखी: डबा भरलेला दिसतो म्हणून सुख वाटतं, पण वास यायच्या आत संपवावा लागतो, आणि शेवटी शेवटी तर येईल त्याला आग्रह करावा लागतो. फेब्रुवारी उजाडला तसा काकांनी आग्रह सुरू केला. “गरम पाणी घ्या की अजून.” “पाय शेकून घ्या.” “गाडी गरम पाण्याने धुवा, ग्रीस निघतं.” मोलकरणीला भांड्यांसाठी कढत पाणी मिळू लागलं. तिने दुसऱ्या घरी जाऊन सांगितलं की काकांकडे कुणाला तरी बरं नाही.

इथेच या सगळ्या प्रकरणाची खरी गोम आहे. सांगलीत मार्च-एप्रिलमध्ये ऊन रणरणतं, पॅनेल भरभरून वीज देतात, आणि तेव्हा गरम पाणी कुणालाच नको असतं. नळ सोडला तरी तेच येतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की गारठ्याने अंग काकडतं, कढत पाण्याचे दोन तांबे जास्त घ्यावेसे वाटतात, आणि तेव्हाच पॅनेल तोंड फिरवून बसतात. जुळतं ते फक्त डिसेंबर ते फेब्रुवारी: स्वच्छ आभाळ, गार पहाट आणि पॅनेललाही थंडी मानवते, फार तापलं की त्याचं उत्पादन थोडं उतरतं. वर्षातले तेवढे तीन महिने सूर्याची आणि न्हाणीघराची पत्रिका बऱ्यापैकी जमते. लग्नाला तेवढी पुरते म्हणतात, पण बिलाला बारा महिने लागतात.

त्यातही लाईट गेली तर? उन्हाळ्यात एक दिवस भर दुपारी लाईट गेली. पॅनेल लखलखत होते, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि काका उघड्या अंगाने पंख्याखाली बसून वर बघत होते. पंखा स्तब्ध. बॅटरी नसलेला साधा ग्रिडवरचा इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतः बंद होतो. तो व्हायलाच हवा, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा धक्का बसता कामा नये. हे कारण इतकं रास्त आहे की त्यावर चिडताही येत नाही. काकांना त्या दिवशी प्रथमच बरं वाटलं, कारण पलीकडचा एसीही बंद होता.

हसून झालं, आता निकाल. काकांच्या उद्योगाचं कारण चुकलं, वेळ मात्र बरोबर होती. जसजसे छतांवर पॅनेल वाढताहेत, तसतशी दुपारी वीज मुबलक आणि सूर्य मावळल्यावर तिची ओढाताण, असं चित्र जगभर दिसतं. आपल्याकडेही २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी वेळेनुसार दर आले आणि त्यांच्यापैकी स्मार्ट मीटर असलेल्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात वापरलेल्या विजेवर सवलत जाहीर झाली. याचा अर्थ एवढाच की ज्यांच्या छतावर काचेचा तुकडाही नाही, त्यांचा गिझरसुद्धा हळूहळू दुपारीच लागणार. घागरभर वीज साठवायला अजून तरी पाण्याच्या टाकीइतकं स्वस्त भांडं निघालेलं नाही. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप घेतला तर एका युनिटात तिप्पट काम होतं, पण ती उडी प्रत्येकाने आपापल्या खिशाकडे बघून मारावी.

तेव्हा नेट मीटरवाल्या वाचकांना हात जोडून एवढंच सांगणं: वर्षभर बिनघोर पहाटे आंघोळ करा, बटणाशी पहारा देऊ नका. जानेवारीच्या बिलावरची शिल्लक बघा. ती मार्चपर्यंत संपणार नाही असं दिसलं तरच दुपारी पाणी तापवा, आणि तापवायचंच असेल तर जाड कोटाच्या, चांगल्या ताऱ्यांच्या गिझरमध्ये तापवा. सोलर अजून बसवायचं असेल तर किती किलोवॉट हे घराच्या वर्षभराच्या बिलांवरून ठरवा, अनुदानाच्या तक्त्यावरून नको. आणि गच्चीवर जुना सोलर हीटर नीट चालत असेल, तर सावलीची काय ती सोय पॅनेल सरकवून लावा, पण भंगारवाल्याला हाक मारू नका.